गुनाह, गुन्हा आणि आजार

उर्दूतला ‘गुनाह’ आणि मराठीतला ‘गुन्हा’ हा मुळात एकच फारसी शब्द. घरात उच्चारला की त्याचं पाप होतं, चौकीत लिहिला की कलम होतं. माझ्या चुलतभावाच्या वाट्याला दोन्ही अर्थ आले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिण्याची सवय त्याला विशीच्या आतच लागली. घरातल्या मोठ्यांनी गुनाह म्हणून तोंड फिरवलं आणि गल्लीने पोलिसांची भीती घातली. ‘आजार’ हा तिसरा शब्द आमच्या घरात शिरायला सात वर्षं लागली. शेवटी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तेव्हा चाचीने नातेवाइकांना सांगितलं की तो सौदीला गेलाय. तीन महिन्यांनी तो परत आला तर शेजारच्या बायका खजूर आणि जमजमचं पाणी मागायला दारात. चाचीने भिवंडीच्या बाजारातून खजूर आणून वाटले. जमजमचं काय केलं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

ही गोष्ट मी घराबाहेर पहिल्यांदा सांगितली ती डहाणू तालुक्यात. आशा कार्यकर्त्यांचं एक प्रशिक्षण होतं, विषय होता मानसिक आजार आणि व्यसन यांच्याभोवतीची बदनामी. मी मागच्या बाकावर ऐकायला बसले होते. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरून आलेल्या बायका, बहुतेक वारली, काही कोकणा, काही मल्हार कोळी. एकीने सांगितलं की तिच्या पाड्यावरचा एक माणूस दारू सोडायला दवाखान्यात भरती आहे, पण घरचे सगळ्यांना सांगतात, तो बोटीवर गेलाय. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. मग मी सौदीची गोष्ट सांगितली. त्या खोलीत कुणालाही ती समजावून सांगावी लागली नाही.

‘बोटीवर गेलाय’ हे त्या भागात सहज खपणारं उत्तर आहे. डहाणू-तलासरीचे शेकडो पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने जातात. त्यातले काही पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागून कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. मागे राहिलेल्या बाईला नवरा जिवंत आहे की नाही हेही कधीकधी कळत नाही. तिला झोप लागत नाही, जेवण जात नाही, पण ती दवाखान्यात जाऊन सांगते ते ‘डोकं दुखतं, कंबर दुखते’ एवढंच. दुसरीकडे दिवाळीनंतर आख्खी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. त्यातल्या कितीतरी भट्ट्या आमच्या भिवंडी-वसईच्या आसपासच आहेत. त्यामुळे हा दूरचा प्रश्न नाही. आपल्या भिंतींच्या विटा थापणाऱ्यांचा प्रश्न आहे.

या दोन तालुक्यांनी मला बदनामीबद्दल एक वेगळीच गोष्ट शिकवली, आणि ती भूकंपातून. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरी या पट्ट्यात जमीन हादरायला लागली. एकदा नाही, पुन्हापुन्हा, महिनोन्‌महिने. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. लोक थंडीत घराबाहेर झोपत होते, एनडीआरएफने तंबू उभे केले. आशाताई सांगत होत्या की त्या काळात माणसं न विचारता बोलायची. छातीत धडधडतं, झोपेतून दचकून उठतो, पोर अंगाला चिकटूनच राहतं. कुणी कुणाला येडं म्हटलं नाही, कारण सगळ्यांनाच होत होतं आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मनाची तक्रार बोलायला माणसाला लाजच वाटते, हे खरं नाही. आपण एकटेच आहोत असं वाटलं की लाज वाटते. तीच झोप, तीच धडधड, पण कारण दिसत नसेल तर तिकडे ‘बाहेरचं लागलं’ आणि आपल्याकडे ‘असर है’, ‘साया है’. माझं मत असं झालं आहे की या भागातलं प्रशिक्षण भूकंपापासूनच सुरू व्हावं. त्यासाठी पुस्तकातल्या व्याख्या लागत नाहीत.

दारूचं मात्र एवढं सोपं नाही, कारण तिथे दीडशे वर्षांचा इतिहास आडवा येतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची दारू गाळणं गुन्हा ठरलं. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे जिल्ह्यात मोहाची फुलं गोळा करण्यावरही बंधन आलं. जे झाड देव मानायचं, ज्याची फुलं दुष्काळात खायची, ती उचलली तर शिपाई दारात. पुढे सरकारी मक्त्याच्या दुकानातून पैसे देऊन तीच दारू घ्यायची, आणि दुकानदारच जमीनदार नाहीतर सावकार. १९२१-२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून एक लाट उठली. देवी अंगात येऊन सांगते, दारू सोडा, स्वच्छ राहा. ती डहाणू-उंबरगावच्या आदिवासी पट्ट्यातून थेट सुरत जिल्ह्यापर्यंत गेली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर पुस्तकच लिहिलं आहे. लोकांनी दारू तर सोडलीच, दारूच्या दुकानदारांवर बहिष्कारही घातला. बाहेरून कुणी सुधारायला आलं नव्हतं. पुढे जोर ओसरला आणि बरेचजण पुन्हा प्यायला लागले. पण ‘आदिवासी म्हटला की दारू आलीच’ असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. ‘मुसलमान वस्ती म्हटली की गर्दुल्ले’ असं म्हणणाऱ्यांनाही आपल्याबद्दल बरंच काही ठाऊक नसतं. असा शिक्का मारला की एका माणसाचा आजार सगळ्या जमातीच्या माथी बसतो, आणि मग जमात आपली अब्रू वाचवायला त्या माणसालाच लपवते.

नकाशाही पाहा. तलासरीच्या एका बाजूला दारूबंदीचा गुजरात, दुसरीकडे दादरा-नगर हवेली, आणि थोडं वर दमण, जिथे दारू स्वस्त. मधून मुंबई-अहमदाबाद महामार्ग. दारूची चोरटी वाहतूक हा तिथे धंदा आहे आणि त्यात पकडला जातो तो बहुधा गाडी चालवणारा किंवा खोकी उतरवणारा गरीब पोरगा. अशा ठिकाणी आशाताई दारात येऊन ‘तुमच्या घरात कोण पितं?’ असं विचारत वही उघडते, तेव्हा घरच्यांना आरोग्य खातं दिसत नाही, अबकारी दिसते.

म्हणून व्यसनींची घरोघर यादी करण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. अधिकाऱ्यांना आकडे हवे असतात, हे समजतं. पण चाळीस घरांच्या पाड्यावर यादी म्हणजे जाहीर फलक. तिथली आशा कुणाची तरी भावजय असते, कुणाची नणंद. तिच्या वहीत नाव गेलं म्हणजे पाणवठ्यावर गेलं, अशी लोकांची समजूत असते आणि ती सगळीच चुकीची नसते. प्रशिक्षणातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तास हाच होता. ऐकलेलं कुठे बोलायचं नाही, नवऱ्यालाही नाही. ज्या घराशी नातं किंवा भांडण आहे त्या घरासाठी शेजारच्या पाड्यावरच्या आशेला बोलवायचं. हे साधं वाटतं. आपल्या मोहल्ल्यात ‘किसी को बोलना मत’ म्हणून सांगितलेली गोष्ट असरच्या नमाजेला कळते आणि मगरिबपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे मला ते साधं वाटलं नाही.

दुसरा तास नाटुकल्याचा होता. एक आशा नवरा झाली, दुसरी आशा म्हणूनच गेली. मिनिटभरात आशा म्हणाली, ‘पोरांकडे बघ जरा, लाज नाही वाटत?’ सगळ्या हसल्या. शिकवणारा माणूस स्वतः कधीकाळी बुडेपर्यंत पिणारा, आता सोडलेला. त्याने नवरा झालेल्या बाईला विचारलं, काय वाटलं? ती म्हणाली, उठून गुत्त्यावर जावंसं वाटलं. मग तोच प्रवेश पुन्हा. या वेळी आशेने एवढंच विचारलं, ‘रात्री झोप लागते का?’ पाच-सहा वेळा करूनही काहींना उपदेश आवरत नव्हता. मला तरी कुठे आवरतो. चांगली माणसंच हा अपमान जास्त करतात, कारण त्यांना वाटतं आपण भल्यासाठी बोलतोय. प्रभातफेऱ्या आणि भिंतीवरच्या घोषणांनी बदनामी कमी होते यावर माझा विश्वास नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ मध्ये जगभरचे अभ्यास पाहून हेच सांगितलं आहे की ज्यांनी आजार भोगला त्यांच्याशी समोरासमोर ओळख होणं हा बदनामी घालवण्याचा सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. त्या खोलीत तो माणूस फळ्यासमोर उभा होता, यातच निम्मं प्रशिक्षण झालं.

आता एक गोष्ट जी प्रत्येक मुसलमान घराने कान देऊन ऐकावी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका दिवसात बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं. हात कापतात, घाम सुटतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेली माणसं आणि किडे दिसतात, ताप चढतो. त्याला दवाखान्याची गरज असते, औषधं लागतात, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. आपल्याकडे हे कधी घडतं? रमजानच्या पहिल्या रोज्याला. वर्षभर चोरून पिणारा माणूस अल्लाहच्या भीतीने चांद दिसताच बाटली फेकतो. तिसऱ्या रोज्याला तो भिंतीशी बोलायला लागतो आणि घरचे म्हणतात, जिन चिडलाय. पाड्यावर हेच माळ घातल्यावर होतं, किंवा बायकांनी मिळून गावची भट्टी फोडली की होतं. दारू सोडण्याचा निश्चय चांगला, पण ‘आजपासून बंद’ म्हणण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, हे वाक्य आशेला पाठ हवं आणि शाबानच्या शेवटच्या जुम्याला इमामसाहेबांच्या तोंडी हवं. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा देशभर हे पाहायला मिळालंच आहे.

‘आठवी-दहावी शिकलेल्या बायका डॉक्टरांचं काम काय करणार?’ असं एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारलं. डॉक्टरांचं काम त्यांनी करायचंच नाही. पण बोलून, धीर देऊन, पुन्हापुन्हा भेटून जे होतं ते त्या करू शकतात आणि याचा पुरावा आपल्या जवळचाच आहे. गोव्यात संगत या संस्थेने डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नसलेल्या सामान्य माणसांना समुपदेशन शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारू घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर त्याचा परिणाम तपासला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी पाहिलं तर आधीचे दोन आठवडे दारूला न शिवलेले समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी नैराश्यावर काम केलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच कुणाकडे तरी मदत मागत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या ‘आत्मीयता’ उपक्रमात तर गावातलीच स्वयंसेवक माणसं मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवून बोलायला सुरुवात करतात. या आकड्यांनी हुरळून जायचं कारण नाही. ५८ टक्के पीतच राहिले, हेही त्यातच लिहिलेलं आहे. पण बंगळुरूच्या निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या विकाराने ग्रासलेल्या शंभरांतल्या ८६ जणांना उपचारच मिळत नाहीत. त्यांच्यापर्यंत आधी पोचणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ पाड्यावर चालत येणार नाही. आशा रोज चालते.

आणि तिच्याकडून हे फुकट करून घेणं मला मान्य नाही. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, कुपोषण, सगळं तिच्याच डोक्यावर. कायम वेतन नाही, कामाप्रमाणे मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या आशा मोबदल्यासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. त्या डहाणूच्या खोलीत कुणीतरी विचारलं की तुमच्यापैकी कुणाच्या घरात हा त्रास आहे? एकही हात वर झाला नाही. जेवणानंतर भांडी घासताना तिघी माझ्याशी बोलल्या. एकीचा नवरा, एकीचा मुलगा, आणि तिसरी स्वतः, बाळंतपणानंतर वर्षभर रडत होती. इतरांचं ऐकायला तिला शिकवताय, तर तिचं ऐकणारं कुणी ठेवा, महिन्यातून एकदा तरी. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि पुढे डॉक्टरांकडे गोळ्या वेळेवर हव्यात. आशेच्या शब्दावर विसंबून माणूस भाडं खर्चून दवाखान्यात गेला आणि औषध संपलंय म्हणून परत आला, तर तो पुन्हा तिला दार उघडत नाही. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, पण पाड्यावर रेंज हवी.

भगताचं काय करायचं यावर त्या दिवशी बराच वाद झाला. एक तरुण आशा म्हणाली, त्याला बंदच करा. वयस्क होती ती म्हणाली, मग लोक आपल्याकडे यायचे बंद होतील. मला वयस्क बाईचं पटलं, पण एक अट घालून. मारहाण, साखळदंड, चटके यांना माफी नाही. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ९५ ने मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यावर सरळ बंदी घातली आहे. आपण मुसलमानांनी तर हे विसरूच नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका तथाकथित मनोरुग्णालयात आग लागली. साखळीला बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही आणि २८ जण जळून गेले. दुसरीकडे, मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात, जिथे आपल्याकडचेही लोक हाजरीला जातात, २००८ पासून ‘दवा आणि दुवा’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजार ओळखायला शिकवलं आणि तिथेच मानसोपचारतज्ज्ञ बसवला. दुवा बंद केली नाही, दवा जोडली. पाड्यावर भगताशी, मोहल्ल्यात ताविजवाल्याशी याच पायावर बोलणं होऊ शकतं.

काही वाचक म्हणतील, शराब हराम आहे, तिला आजार म्हणून तुम्ही तिची हरकत कमी करताय. हराम ती आहेच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण भान हरपलेल्या माणसावर नमाज-रोज्याची जबाबदारी नाही आणि आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, हेही याच दीनने सांगितलंय. १२८४ मध्ये कैरोत उभ्या राहिलेल्या मन्सुरी बीमारिस्तानात मनाच्या रुग्णांवर उपचार होत, याची फुशारकी आपण मारतो आणि घरातल्या मुलाला मात्र सौदीला पाठवतो. गुन्ह्याच्या बाजूनेही थोडी वाट आहे, ती लोकांना ठाऊक नसते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाच्या किंवा किरकोळ प्रमाणाच्या प्रकरणातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याकडे तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहावं, त्याला शिक्षा करू नये, असं २०१७ चा कायदा म्हणतो. मालेगावच्या ‘कुत्ता गोळी’वर आपल्याकडे भाषणं खूप झाली. ही दोन कलमं एखाद्या मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावलेली मी पाहिलेली नाहीत.

निघताना त्या वयस्क आशेने मला विचारलं, ‘ताई, तुमच्या मोहल्ल्यात आशा कोण आहे?’ मला नाव सांगता आलं नाही. शहरी भागातही आशा असतात एवढं ठाऊक होतं. घरी येऊन चाचीला विचारलं तर ती म्हणाली, अगं, पोलिओवाली, तिसऱ्या गल्लीतली, तिला तू ओळखतेस. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. चाचीने खजूर नेले होते.

तिने दोनच प्रश्न विचारले. या कामाचं प्रशिक्षण मराठीत असतं की उर्दूत, आणि किती दिवसांचं. मी सांगितलं, विचारून सांगते. मग चाचीने दार लोटून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली.